तीन कुलपांतला दोर

नद्यांवर पूल नव्हते, पण कचेऱ्या मात्र होत्या, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका खडकाळ नदीच्या उताराशी, म्हणजे लोक पायी नदी ओलांडत त्या जागी, सुंद्राई नावाची म्हातारी राहत असे. तिचा नवरा याच उतारावर वाहून गेला होता. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिने अंबाडीच्या वाखाचा लांब दोर वळायला घेतला. तेव्हापासून पूर आला की ती आणि चार कोळी काठावर उभे राहत, दोर फेकत आणि अडकलेल्याला ओढून काढत. या मंडळाला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता. त्यामुळे काम बिनबोभाट चाले.

पुढे दोर विरू लागला. नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला राजाकडून नवा दोर मिळेल, अशी दवंडी आली, म्हणून सुंद्राई कचेरीत गेली.

"विश्वस्त कोण?" कारकुनाने विचारले.

"मी आणि हे चौघे."

"विश्वस्त प्रतिष्ठित लागतात, आजी. तुम्हाला ओळखतं कोण?"

"बुडता बुडता वाचलेले सगळे."

कारकुनाने हे लिहून घेतले नाही. तसा रकानाच नव्हता.

विश्वस्त हवेत म्हटल्यावर पाच प्रतिष्ठित माणसे धावत आली. त्यांतल्या एकाचाही पाय कधी पुराच्या पाण्याला लागला नव्हता. नगरशेठ अध्यक्ष झाले. काठावर ओल असते, म्हणून सभा टेकडीवरच्या देवळात भरू लागली. नवा दोर आला. त्याला हार घातला गेला आणि देवळातल्या तीन कुलपांच्या पेटीत तो बंद झाला. पाचही विश्वस्त हजर असल्याखेरीज पेटी उघडायची नाही, असा ठराव झाला. जुना दोर त्याच सभेत जाळून टाकला.

आषाढात नदी फुगली, आणि लग्नाहून परतणारे नगरशेठच मधल्या खडकावर अडकले. "दोर टाका!" ते ओरडू लागले.

सुंद्राई धापा टाकत देवळात पोचली. चौघे विश्वस्त तिथे चहाटळ गप्पा मारत होते.

"किल्ल्या द्या!"

"तसं कसं?" चिटणीस म्हणाले. "पाचजण हवेत. अध्यक्ष कुठे आहेत?"

"खडकावर!"

"मग त्यांना येऊ द्या."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा माणूस गेला तेव्हा दोर नव्हता. आज दोर आहे, तर तुम्ही आडवे!" नारळ फोडायचा धोंडा उचलून तिने पेटीच फोडली.

कोळ्यांनी शेठना ओढून काठावर आणले. पोटातले पाणी ओकून झाल्यावर त्यांचा पहिला शब्द निघाला, "पेटी कोणाच्या परवानगीने फोडलीत?"

"परत नेऊन सोडू का, शेठ?" सुंद्राई म्हणाली. "खडक रिकामाच आहे. बसा आणि ठराव करा."

गोष्ट राजापर्यंत गेली. अर्जात नवा रकाना आला: तळहात दाखवा. पाचही प्रतिष्ठितांचे हात लोण्यासारखे निघाले, आणि त्यांची नावे खोडली गेली. तिथे सुंद्राईचे आणि चार कोळ्यांची नावे चढली. पेटीचे लाकूड चांगले होते. सुंद्राईच्या चुलीला ते पावसाळाभर पुरले.

तात्पर्य: ज्याने कधी दोर ओढला नाही, त्याच्या हाती दोराची किल्ली देऊ नये.