पाचवा ठिपका

“मग सही का करत नाही, सर?”

निनाद बर्वेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

मुलाणीसर बाळहिरड्याचा तुकडा चघळत होते. समोर अहवालाचा कागद, कागदावर पेन. पेनाचं टोपण अजून निघालेलं नव्हतं.

“चार वाजता जीप सुटेल,” निनाद म्हणाला. “अहवाल आजच पुण्याला जायचाय.”

“जाईल की.”

अब्बास मुलाणी चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आंबेगावच्या डोंगरात येऊन बसले. इथल्या बायका रानातून हिरडा गोळा करतात. तो औषधाच्या कारखान्यात जाण्याआधी शुद्ध आहे की नाही, हे सर तपासतात. खोली एक, टेबल दोन, आणि गेल्या दिवाळीपासून एक कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर सरांच्या हाताखाली आलेल्या निनादनं आणला. त्यातला प्रोग्रामही त्यानंच लिहिलेला. पोरगा हुशार होता. मी हुशार आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढीच काय ती खोट.

काम तसं साधं. पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेली पत्र्याची प्लेट घ्यायची. तळाशी पेन्सिलीनं रेघ ओढायची, रेघेवर हिरड्याच्या अर्काचा थेंब लावायचा आणि प्लेट द्रावणात उभी करायची. वातीत तेल चढतं तसं द्रावण वर चढतं आणि अर्कातले पदार्थ आपापल्या उंचीवर नेऊन ठेवतं. मग लोहाच्या पाण्याचा फवारा मारला की निळेकाळे ठिपके उठतात. शुद्ध हिरड्याचे चार.

पूर्वी सर ते डोळ्यांनी बघायचे. आता स्कॅनर बघायचा, आणि कोणता ठिपका किती उंच, किती गडद, एकूण मालात किती टक्के, हे सगळं प्रोग्राम सांगायचा. खऱ्या हिरड्याचं चित्र सरांच्या प्लेटवरून घेऊन त्यात साठवलेलं होतं. नवा नमुना त्याच्याशी ताडून पाहायचा.

आजवर प्लेटा सर करायचे आणि निनाद मोजायचा. या खेपेच्या नमुन्याच्या प्लेटा मात्र त्यानं हट्टानं स्वतः केल्या.

आणि पाच ठिपके आले.

“कोण आहे हा पाचवा?” सरांनी विचारलं.

“अनोळखी आहे.”

“अनोळखी… म्हणजे भेसळ?”

“शुद्ध मालात चार असतात, सर. इथं पाच आहेत. प्रोग्रामला कुणाचं सोयरसुतक नाही.”

“खरंय.”

“आणि एकदा नाही, तीनदा केलं. तीन प्लेटा, तिन्हींवर पाचवा त्याच उंचीवर. केसाचा फरक नाही. ही काळ्या दगडावरची रेघ आहे.”

“तिन्ही तूच केल्यास?”

“मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.”

“हं…”

सरांनी तिसरी प्लेट उचलली आणि खिडकीशी नेली. ठिपक्यांकडे एकदा पाहिलं. खालच्या कडेकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले. मग प्लेट होती तिथं ठेवली.

“खालची कड तुझा प्रोग्राम बघतो?”

“नाही. ती कापूनच टाकतो. तिथं कामाचं काही नसतं.”

“आणि तू? डोळ्यांनी पाहिलीस प्लेट?”

“स्कॅनर माझ्या डोळ्यांपेक्षा बारीक बघतो, सर.”

बाहेर ओट्यावर चिमाबाई गवारी बसून होती. माल तिच्या गटाचा. चाळीस बायकांनी महिनाभर डोंगर पालथा घालून गोळा केलेला, वाळवलेला, निवडलेला. अहवालावर ‘भेसळ’ हा शब्द पडला की माल परत येणार आणि गटाचं नाव कारखान्याच्या यादीतून कायमचं जाणार, हे तिला माहीत होतं. निनादनं सकाळीच तिला तोंडावर सांगून टाकलं होतं.

ती दारात येऊन उभी राहिली.

“सर, काय ठरलं?”

“ठरतंय, चिमाबाई.”

“रानात हिरड्याबिगार दुसरं हाय काय आमच्याकडं? भेसळ करायची तर भेसळीला तरी काय आणावं?” तिचा आवाज चढला आणि तसाच फाटला. “पोरी माज्या भरवशावर आल्या. चोर म्हून नाव पडलं तर कंच्या तोंडानं घरी जाऊ?”

निनादनं मान वळवली. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटलं म्हणून आकडा बदलत नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. ते चूकही नव्हतं.

“सर, मी मागे हटणार नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला दया येत असेल तर सही करू नका. मी माझ्या सहीनं पाठवतो.”

“पाठव.”

निनाद चपापला.

“पण त्याआधी एक प्लेट कर. कोरी.”

“कोरी म्हणजे?”

“थेंब लावू नकोस. हिरडा नाही, काही नाही. बाकी जसं करतोस तसंच कर. एकही गोष्ट गाळू नकोस.”

“काहीच लावायचं नाही, तर मोजायचं काय?”

सरांनी हिरड्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकला.

निनाद तणतणत कामाला लागला. नवी प्लेट काढली. पट्टी लावून पेन्सिलीनं रेघ ओढली. मग खिशातलं बॉलपेन काढून रेघेखाली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: नि. बर्वे. काम कुणाचं ते कळायला नको?

प्लेट द्रावणात उभी केली. काचेच्या पेटीवर झाकण ठेवलं.

वीस मिनिटं थांबायचं होतं. चिमाबाई दारातच टेकली. द्रावण चढत राहिलं.

प्लेट काढली, वाळवली. एकही गोष्ट गाळायची नव्हती, म्हणून फवारासुद्धा मारला. न बघताच स्कॅनरखाली सरकवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर आडवी रेघ उमटली. सपाट, एकदम शांत.

आणि मग एक सुळका.

निनाद खुर्चीत पुढं सरकला. उंची पाहिली. तीच.

“काय म्हणतो तुझा प्रोग्राम?” सरांनी विचारलं.

“पाचवा ठिपका… आहे.”

“किती टक्के?”

निनादनं ओठ ओले केले. “शंभर.”

“कशात?”

निनादनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“शंभर टक्के कशात, निनाद?”

“कशातच नाही, सर.”

त्यानं प्लेट स्कॅनरखालून काढली आणि पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. रेघ जागच्या जागी होती. तिच्याखालचं नाव मात्र विरघळून पुसट झालं होतं. नावाच्या नेमकं वर, कोऱ्या पांढऱ्या थरात, एकच निळाजांभळा ठिपका.

त्यानं धावत जाऊन आधीच्या तिन्ही प्लेटा काढल्या. खालची कड पाहिली. नि. बर्वे, नि. बर्वे, नि. बर्वे. तिन्ही पुसट. हिरड्याच्या निळ्याकाळ्या ठिपक्यांत शाईचा ठिपका बेमालूम मिसळून गेला होता.

त्याचे कान लालबुंद झाले. शरमेनं त्याला घेरलं. पण गडी हटणारा नव्हता, लगेच सावरला.

“सर, प्रोग्राममध्ये सुधारणा करतो. दर वेळी आधी कोरी प्लेट करायची आणि तिच्यावर जे येईल ते वजा करायचं.”

“चांगलंय. करच.” सर क्षणभर थांबले. “तुला वजा करायची सोय आहे त्यात?”

निनाद उठला. अहवालाचा कागद उचलला आणि चार तुकडे केले. मग दारात गेला. चिमाबाई उठून उभी राहिली.

“मावशी, बिघाड तुमच्या मालात नव्हता, माझ्या प्लेटांत होता. माझ्या पेनाची शाई चढली होती. सकाळी तुम्हाला बोललो ते चुकलं. माफ करा.”

चिमाबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा प्लेटकडं पाहिलं.

“म्हंजे सकाळपास्नं तुमी तुमालाच शोधत व्हता?”

“हो.”

“काखेत कळसा…” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“अजून तुम्ही सुटल्या नाहीत हं,” निनाद म्हणाला. “तिन्ही प्लेटा पुन्हा करणार. खरोखर पाचवा निघाला, तर तसंच लिहीन.”

“ल्ह्या की. आमाला भ्या न्हाई.”

सर मान खाली घालून हिरडा चघळत होते. हे वाक्य ऐकून मात्र त्यांनी वर पाहिलं.

निनादनं पहिली प्लेट केली. बॉलपेन टेबलाच्या खणात टाकून दिलं होतं. चार ठिपके आले. यंत्रानं मोजले, मग त्यानं खिडकीशी नेऊन डोळ्यांनी मोजले. चार.

दुसरी प्लेट घेतली. रेघ ओढली. थेंब लावायला हात उचलला.

“नाव नाही घातलंस,” सर म्हणाले. “पहिलीवरही नव्हतं.”

“नको वाटतं, सर. आता नकोच.”

“असं कसं? चुकलं तर चिमाबाईनं कुणाला धरायचं?”

निनादनं उचललेला हात खाली घेतला.

सरांनी कानामागची पेन्सिल काढली. वापरून वापरून बोटभर उरली होती. ती त्याच्यापुढं ठेवली.

“लिही.”

निनादनं ती हातात घेतली आणि घुटमळला.

“सर, पेन्सिलीचं काय… नुसतं बोट फिरलं तरी पुसलं जाईल.”

“पुसलं जाईल की,” सर म्हणाले. “पण चढणार नाही.”