भिंतीपलीकडची माती

“पण बाबा, माझी बाटली चाखणार कधी?”

यशोधननं सकाळी सकाळी पुन्हा तेच विचारलं. एत्येनबाबा मठाच्या दाराशी बसून टोपलीचा तुटलेला कान बांधत होते.

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उतारावरचा हा मठ, आणि तिथला द्राक्षमळा हे म्हातारे साधू सांभाळायचे. यशोधन बोरस्ते आला होता निफाडहून, घरच्या मळ्यातली लाल वाइन घेऊन. बाबांनी चांगली म्हटली तर वडील वेली ठेवणार होते. नाहीतर त्या उपटून टोमॅटो. एवढं सगळं एका घोटावर अडलेलं, हा बाटली पिशवीत घालून मागं मागं फिरतोय, आणि म्हातारा काही तिला हात लावेना. डोकं फिरणार नाही तर काय?

तोराही कमी नव्हता पोराचा. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यानं दोन पेल्यांतला एकेक घोट घेऊन सांगून टाकलं होतं, ही या गावची वाइन, ही मळ्याच्या भिंतीपलीकडच्या गावची. बरोबर निघालं. मग काय विचारता... मातीमातीत जमीनअस्मानाचा फरक आहे म्हणाला, डोळे बांधून विचारा.

बाबा तेव्हा नुसतं हूं म्हणाले होते.

आत्ता बांधून झालेली टोपली त्यांनी त्याच्या हातात दिली.

हिवाळ्याच्या पावसात मळ्याची माती वाहून खाली येते. ती टोपल्यांनी पुन्हा वर न्यायची, असा तिथला जुना रिवाज. यशोधननं पिशवी भिंतीवर ठेवली. वाइन चाखवायला आलोय की हमाली करायला, असं पुटपुटत तो चढत-उतरत राहिला.

दुपारी मात्र तो कंटाळला. भिंतीपलीकडचा चढ सोपा होता. राहिलेली माती त्यानं त्या गावच्या मळ्यात ओतली.

बाबांनी ते पाहिलं. भिंत ओलांडून गुडघ्यांवर बसले आणि ती माती हातांनी परत टोपलीत भरू लागले.

आता यशोधनला खरोखरच संताप आला.

“कमाल करता बाबा. माती ती माती. गुडघाभर उंचीची भिंत... इकडं काय नि तिकडं काय, काय फरक पडतो?”

बाबांचे हात थांबले.

ते उठले, हात झटकले. भिंतीवरच्या पिशवीतून बाटली काढली आणि न उघडताच त्याच्या हातात ठेवली.

“फरकच पडत नसेल... तर ही चाखून मी तुला काय सांगू?”