बहात्तर चढ आणि एक उतार

भाविकहो, श्रीशंखगिरी महाराज तेव्हा तंजावर प्रांतात, कावेरीकाठच्या मल्लिपट्टी गावच्या मठात राहत होते. ज्याच्या पोटी इतर राग जन्मतात त्या मूळ रागाला तिकडे मेळ म्हणतात. मठाची रीत अशी, की नैवेद्याआधी देवापुढे एका मेळाचे सात सूर चढून गायचे आणि उतरून गायचे. गाणे खालच्या 'सा'वर परतल्याशिवाय देव जेवत नसे, आणि देव जेवल्याशिवाय गावही.

ही सेवा हार गुंफणाऱ्या सेतूबाकडे होती. मेळ एकंदर बहात्तर. सेतूबाला येई एकच, मायामाळवगौळ. पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात तो. एकोणीस वर्षे तो रोज तोच चढे आणि तोच उतरे.

एकदा पंचापकेशबुवा नावाचे विद्वान गवई आले. ऐकून म्हणाले, "अहो सेतूबा, दाढी पिकली तरी धडा पहिलाच? देवालाही पाटी घेऊन बसवलंय काय?"

"देव अजून कंटाळलेला दिसत नाही, बुवा."

बुवांनी सेवाच मागितली. महाराज म्हणाले, "आज तुम्ही गा. तुमचं गाणं खाली परतून देव जेवला, तर सेवा तुमची."

सेतूबाच्या हातातला हार अर्धाच राहिला.

बुवांनी बहात्तरही मेळ गायला घेतले. भात निवू नये म्हणून उतार गाळले. चढायचे, वरच्या 'सा'वरून थेट खाली उडी मारायची, पुन्हा चढायचे. अशा एकाहत्तर उड्या झाल्या. बहात्तराव्याला बुवा वर गेले ते तिथेच राहिले. श्वास घेतला की पुन्हा तोच 'सा'. पाणी मागायला तोंड उघडले, तरी 'सा'. भात निवला. आचारी येऊन बघून गेला आणि शिडी आणू का म्हणून विचारू लागला. बुवांचा चेहरा जांभळा पडला होता.

बुवा उतरले की देव जेवणार, म्हणजे आपली सेवा गेली, हे सेतूबाला कळत होते. तरी तो उठला. "महाराज, यांना खाली आणा."

"तूच आण."

"यांचा मेळ मला येत नाही. आणि हा 'सा' यांच्या उंच पट्टीतला, माझ्या गळ्याबाहेरचा आहे."

"वरचा 'सा' बहात्तरांचा एकच असतो, बाळा. उतर तुझ्या वाटेनं." महाराजांनी त्याच्या जिभेवर तुळशीचे पान ठेवले.

आणि काय सांगावे, एकोणीस वर्षांत न लागलेला तो सूर सेतूबाला लागला! मग तो एकेक सूर उतरू लागला. मागोमाग बुवा, अंधारात भिंत चाचपत यावे तसे. 'प'वर दोघे दम खायला थांबले. खालचा 'सा' आला तशी घंटा वाजली आणि देव जेवला.

बुवांनी सेतूबाच्या पायांवर डोके ठेवले. "गाणं तुम्ही परत आणलंत. सेवा तुमचीच." डोके काही उचलेनात. सेतूबा घाबरून महाराजांकडे पाहू लागला.

महाराज म्हणाले, "उठा बुवा. खाली त्यानं आणलं, आता तुम्हाला वर उठवायला चढही त्यानंच गायचा काय? भात आधीच गार झालाय."