वळणावरचा काटा

रानातली पायवाट अजून फक्त जनावरांचीच होती, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्याकडे उतरताना साळूबाई साळिंदर वळणावरच्या खड्ड्यात धपकन पडली. वर पाचोळा साचल्याने तिला खड्डा दिसलाच नव्हता. आत पाहते तो मोराचं पीस, सशाची लव, रानडुकराचे राठ केस. तिला हसू आवरेना. लंगडणारा ससा काल "काटा रुतला" म्हणाला होता, आणि चिखलाने माखलेलं डुक्कर "मुद्दाम लोळलो" म्हणालं होतं.

बाहेर येऊन तिने आपला एक काटा खड्ड्याच्या काठी रोवला आणि पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितलं, "वळणावर मी पडले बाई. उद्या हरणाची पाडसं पहिल्यांदाच त्या वाटेने येणार आहेत. कोण कुठे पडलं ते सांगून टाका."

आधी कोणी मान वर करेना. मग ससा पुटपुटला, "मीही तिथेच पडलो, साळूबाई. पुढच्या निसरड्या दगडावरसुद्धा." डुक्कर खो खो हसलं आणि त्याने आणखी दोन जागा सांगितल्या. संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने पडल्या जागी आपली खूण ठेवली.

सकाळी पाडसं खुणा चुकवत, बागडत पाण्यावर पोचली. ओढ्याच्या उतारावर मात्र एक नवीच खूण होती. वाघाची मिशी.

साळूबाईने गालातल्या गालात हसत तिला वळसा घातला.