गोदूची पट्टी

"बेसूर मुलाला बेसूर म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं, माई?"

माई तानपुऱ्याच्या तारा पुसत होत्या, त्या पुसत राहिल्या.

विचारणारा अच्युत होता, माईंचा सगळ्यांत तयार शिष्य. त्याचा रियाज ऐकायला मिरजेतली जाणती माणसं माईंच्या दारातल्या कट्ट्यावर येऊन बसायची. आता माई आपल्याला मैफिलीला बसवणार, असं त्याला वाटत होतं. माईंनी त्याला पाठवलं गावाबाहेरच्या प्राथमिक शाळेत. वर्षभर दुसरीच्या पोरांना गाणं शिकव म्हणाल्या, मग बघू.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. यानंही विचारलं नाही. पण मनात ते खुपत राहिलं.

शाळेत गेल्या गेल्या त्यानं मुलं निवडली. सुरात गाणारी पुढे बसवली, उरलेली मागे. मागच्यांना सांगितलं, तुम्ही गाऊ नका, नुसते ओठ हलवा.

मागच्यांत गोदू होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून येणारी, दणदणीत आवाजाची. ती पाढे म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं. ओठ हलवायला सांगितल्यापासून तिनं पाढे सोडले. धडा वाचायला उभी केली तरी ओठ हलायचे, आवाज नाही.

वर्गाच्या आवटीबाईंनी हे त्याला व्हरांड्यात गाठून सांगितलं. रागावल्या नव्हत्या. पोर तुमचं ऐकते हो, एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. म्हणून तो माईंकडे आला होता. गोदूचं, ओठ हलवण्याचं सगळं सांगून झालं होतं. पण आपल्याकडे दोष येऊ नये, अशा बेतानं प्रश्न विचारत होता.

माईंनी फडकं बाजूला ठेवलं. तानपुरा त्याच्यापुढे सरकवला.

"पोरांना शिकवतोस ते गा. माझ्या पट्टीत."

त्यानं तारा छेडल्या. माईंचा सा त्याच्यापेक्षा बराच वर. गाणं साधंच होतं, मेंढ्या घेऊन निघालेल्या माणसाचं, भूप रागात माईंनीच बसवलेलं. त्यानं सुरुवात केली. खालच्या सुरांत निभावलं. अंतऱ्यात वर चढताना मान ताणली गेली, आणि वरच्या गंधाराला आवाज फाटला.

"पुन्हा."

पुन्हा फाटला.

"पुन्हा."

आता तो रागानं गायला. आवाज आणखी फाटला. कोपऱ्यात मालू आणि जयू, माईंकडे नव्यानं शिकायला लागलेल्या दोन मुली, माना खाली घालून बसल्या होत्या.

माई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही दोघी गा गं." मग अच्युतकडे न बघताच म्हणाल्या, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव."

...

मुली गायल्या. तो ओठ हलवत राहिला. गाणं त्याला तोंडपाठ होतं. त्यातली प्रत्येक जागा त्याच्या गळ्यापर्यंत येत होती आणि तिथंच अडत होती. दुसऱ्या कडव्याला त्याचे ओठही थांबले.

गाणं संपलं. माई उठून आत गेल्या. चहा झाला, तो त्यानं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुलांना गोलात बसवलं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. म्हणाला, माझं चुकलं, आता सगळ्यांनी गायचं. मुलं लगेच गायला लागली. गोदूचे ओठ हलले. आवाज नाही.

त्यानं तिला पेरू देऊन पाहिला. गोष्ट सांगून पाहिली. हात जोडले. तिनं पेरू खाल्ला, गोष्ट ऐकली, आणि ती पुन्हा ओठ हलवत बसली. ती रुसलेली नव्हती. सांगितलं होतं तसं करत होती.

अच्युतनं ठरवलं, हिचा आवाज ऐकल्याशिवाय ही शाळा सोडायची नाही.

शाळा सुटल्यावर तो रोज ओढ्याकाठी जाऊन बसू लागला. वस्तीकडे जाणारी वाट तिथूनच होती. गोदू यायची, त्याला बघून खाली मान घालून जायची. तोही काही बोलायचा नाही. हा नेम त्यानं चुकवला नाही. रियाजाची वेळ मोडली, तरी नाही. गावात कुजबूज झाली, की माईंचा शिष्य वाया गेला.

एका संध्याकाळी ओढ्याला पाणी चढलं होतं. गोदूला पलीकडे जाता येईना. समोरच्या बांधावर तिची आई गवत कापत होती. गोदूनं एकदा अच्युतकडे पाहिलं. मग दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"आयेऽऽऽ"

आवाज ओढ्यावरून गेला आणि बांधाला जाऊन लागला. एक सूर वरचा, लांब. त्याला टेकून दुसरा, जरा खालचा. दोन्ही बंद्या रुपयासारखे खणखणीत.

तिची आई बांध उतरून येताना दिसली, तसा अच्युत उठला. ते दोन सूर गुणगुणत, दुसरं काही कानावर पडू न देता, तडक शाळेत आला. कुलूप काढून घेतलं आणि पेटीवर सूर शोधले. सापडले ते माईंच्या पट्टीच्याही वर. म्हणजे आजवर तो पोरांना आपल्या पट्टीत गायला लावत होता. त्यांच्या दृष्टीनं विहिरीच्या तळाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दोन सुरांवरच गाणं सुरू केलं. त्याचा स्वतःचा गळा तिथं पोचत नव्हता. आवाज चिरकला. वर्ग खदखदून हसला. तो थांबला नाही. पुढच्या ओळीला पुन्हा चिरकला, पुन्हा हसले. आवटीबाई दारात आल्या आणि परत गेल्या. तो गात राहिला.

तिसऱ्या ओळीला गोलातून एक आवाज त्याच्या मदतीला आला. दणदणीत...

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती. डोळे पेटीवरच ठेवून, पाणी गालावरून वाहू देत, त्यानं कडवं पुरं केलं.

गॅदरिंगच्या आधी मुख्याध्यापक लोखंडेगुरुजींनी त्याला बोलावून घेतलं. पाहुणे येणार होते, सुरातली तेवढीच मुलं उभी करा म्हणाले. गाणं फसलं तर संगीताचा तास पुढच्या वर्षी राहील की नाही, सांगता येत नव्हतं.

"उभी राहतील तर सगळी," अच्युत म्हणाला. "नाहीतर मीही नाही."

सगळी उभी राहिली. गाणं काही घोटीव झालं नाही. एक पोरगा दुसऱ्याच ओळीला पुढे धावला, दोघी मध्येच आपल्या आयांना हात करू लागल्या. अंतऱ्याला गोदूचा आवाज सगळ्यांच्या वर निघाला, आणि एका जागी, धैवतावर, ओढ्यावरच्या हाकेसारखा हलकेच खाली उतरला. पुढच्या रांगेतले एक पाहुणे हसले. मागे, वस्तीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. गोदूची आईही.

लोखंडेगुरुजी एवढंच म्हणाले, की कच्चं होतं. पण तास राहिला.

वर्ष संपलं तसा अच्युत माईंकडे आला. पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, चिरकलेला आवाजही नाही.

"मैफिलीचं राहू दे, माई," तो म्हणाला. "मी आणखी एक वर्ष तिथंच जातो. गोदू धैवताला अजून उतरते. ते काढल्याशिवाय मी सोडायचा नाही."

माईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काढू नकोस," त्या म्हणाल्या. "ती उतरते ना... तिथं काय आहे, ते बघून ये."