वळणावरचे कंदील

खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही जरा कान द्यावा, अशी.

एका नदीकाठी एक गाव होतं. गावापाशी येऊन नदी एकदम वळायची आणि त्या वळणावर पाण्यात काळे खडक दबा धरून बसलेले असायचे. दिवसाउजेडी नावाडी त्यांना चुकवून सहज पुढं जात. अंधार पडला की मात्र त्या वळणात कुणी नाव घालत नसे.

या गावात बयजा नावाची एक बाई राहायची. तिच्या बोटांत काय होतं कोण जाणे! चिंध्या दिल्या तर ती बाहुली करायची, मक्याची सालं दिली तर फुलं करायची. करवंटीचा दिवा, चिंचोक्यांची माळ, बांबूच्या कामट्यांचा कंदील, जे मनात येई ते तिच्या हातून उतरत असे. लग्न असो, बारसं असो, सण असो, लोक तिच्या दारी येत आणि हवं ते घेऊन जात. ती कुणाकडून काही घेत नसे. घरोघरी आपल्या हातचं दिसतं यातच तिला सगळं पावायचं.

बाई मनानं चांगली, पण तिला एक खोड होती. दुसऱ्याच्या हातात वाकडं काही दिसलं की तिला राहवत नसे. कुणी तोरण ओवायला बसलं की ती शेजारी येऊन उभी राही, जरा वेळ बघे आणि म्हणे, "दे इकडं." मग ते तोरण तिच्या हातात जाई आणि बघता बघता सुबक होऊन परत येई. लोक तिचं कौतुक करत. पुढच्या सणाला मात्र ते ओवायलाच बसत नसत. होता होता सगळ्या गावानं हातानं काही करणं सोडून दिलं. बयजा आहे की, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

बयजाच्या मुलाचं लग्न झालं आणि हौसा नावाची सून घरात आली. नावासारखीच हौशी. अंगावरची हळद उतरली नव्हती तोवर ती कामट्या घेऊन अंगणात बसली. जुन्या धोतराचा तलम तुकडा, भाताची खळ, दोरा, एवढ्या सामानावर तिनं दुपारभर खपून एक कंदील केला. तो एका अंगाला कलला होता, पण तिला इतका आवडला की दोन्ही हातांत धरून ती अंगणभर फिरली.

मग ती पाण्याला गेली. परत येते तो काय, सासूनं त्या कंदिलाच्या कामट्या सोडवल्या होत्या, कापड उसवलं होतं आणि त्याच सामानाचा नवा, नेटका कंदील दाराला टांगला होता. "माझ्या सुनेनं केलाय," असं ती शेजारणीला मोठ्या कौतुकानं सांगत होती. हौसानं मान खाली घातली आणि हंडा आत नेऊन ठेवला.

त्यानंतर ती कामट्यांच्या वाटेला गेली नाही. बयजाला वाटलं, पोरीची नव्याची नवलाई सरली.

पुढं एकदा राजधानीहून दूत आला. राजाचं लग्न ठरलं होतं. नवी राणी माहेराहून नावेनं येणार होती आणि चंद्रोदयाच्या मुहूर्तावर तिनं राजवाड्याचा उंबरा ओलांडायचा होता. म्हणजे तिची नाव ऐन दिवेलागणीला या वळणावरून जाणार. वळण उजळता येईल का, असं दूतानं विचारलं. तिथं वारा असा की उघडी पणती टिकत नाही आणि मशाल फडफडून विझते. कंदीलच हवेत आणि काठाकाठानं पुष्कळ हवेत.

पाटलांनी बयजाकडं पाहिलं. बयजानं हो म्हटलं आणि गावात आनंद मावेनासा झाला. राणी आपल्या दारावरून जाणार! बायका मदतीला आल्या, तर बयजानं त्यांना परत लावून दिलं. राणीच्या वाटेवरचं काम सगळं एकसारखं दिसायला हवं, असं तिचं म्हणणं पडलं. कामट्यांचे भारे अंगणात येऊन पडले, कापडाचे तागे आले आणि ती एकटी कामाला लागली.

थोडे कंदील झाले असतील नसतील, तोच एका सकाळी घात झाला. कामट्या भिजवायला घाटावर गेलेली बयजा शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. उजवा हात अंगाखाली सापडला आणि मनगटाचं हाड मोडलं.

गावात हाडं बसवणारी एक म्हातारी होती. तिनं हाड जागेवर बसवलं आणि बांधायला कामट्या मागितल्या. कंदिलांसाठी तासून ठेवलेल्या कामट्याच बयजाच्या हाताला बांधल्या गेल्या.

पाटील येऊन ओट्यावर बसले. त्यांना काही सुचेना. शेवटी म्हणाले की राजाला निरोप धाडावा हे बरं. राणीची नाव वरच्या गावी थांबवा, आमच्यानं वळण उजळत नाही, असं सांगावं. मुहूर्त चुकेल, गावाची अब्रू जाईल, पण नाव खडकावर आपटून कुणाचा जीव तरी जायचा नाही. एवढं बोलून ते जड पावलांनी निघून गेले.

बयजाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं सुनेला जवळ बोलावलं. "हौसा, तू कर गं. पाटलांना थांबा म्हणावं."

हौसा सासूला आत्या म्हणायची. ती म्हणाली, "मला नाही येत, आत्या."

"करून बघितल्याशिवाय कसं येईल?"

हौसा शांतपणे म्हणाली, "केला होता. तुम्ही उसवलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बयजानं चार शब्द ऐकवले असते आणि ती मोकळी झाली असती. ती भिंतीला टेकून बसून राहिली. किती जणांच्या हातातून आपण काय काय काढून घेतलं, ते एकेक तिच्या डोळ्यांपुढं येऊ लागलं. शेजारणीचं तोरण, नागू कोळ्याचा पतंग, कुणाच्या लेकीची बाहुली. तेव्हा प्रत्येक वेळी आपण भलं करतोय असंच तिला वाटलं होतं. तिला आपली लाज वाटली.

मग ती उठली. बांधलेला हात छातीशी धरून तिनं आधी पाटलांना निरोप थांबवायला सांगितलं आणि मग ती दारोदार गेली. माझ्यानं होत नाही, तुम्ही या आणि तुम्हीच करा, असं प्रत्येकाला सांगत गेली. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. नागू कोळी म्हणाला की काकी, आमच्या हातून तुमच्यासारखं व्हायचं नाही.

"माझ्यासारखं नकोच आहे," बयजा म्हणाली. "उजेड बाहेर आला आणि वाऱ्यानं दिवा विझला नाही, की झालं."

दुसऱ्या दिवशी तिचं अंगण माणसांनी भरलं. आधी सगळे चोरट्यासारखे बसले होते. हात कामट्यांना लागत होते आणि नजर बयजाकडं जात होती. नागूनं एक कामटी वाकवली, दुसरी बांधली, आणि त्याच्या हातात काहीतरी लांबोडकं, वेडंवाकडं तयार होऊ लागलं. बयजाला बघवेना. ती उठून पुढं झाली, तिचा उजवा हात सवयीनं उचलला गेला आणि मनगटातून अशी कळ आली की ती जागच्या जागी खाली बसली.

बसल्यावर तिला पहिल्यांदाच विचारायचं सुचलं. "नागू, काय करतोयस तू?"

नागू लाजला. "मासा करावा म्हणतोय."

बयजानं नीट पाहिलं. खरंच मासा होता तो. शेपटी जरा मोठी झाली होती, पण मासाच होता. आपण हातात घेतला असता तर त्याचा गोल कंदील झाला असता आणि मासा कुणाला दिसलाच नसता, हे तिच्या लक्षात आलं.

"मग त्याला कल्लेही कर," ती म्हणाली.

नागूचा चेहरा असा उजळला की शेजारी बसलेल्या गुराख्याच्या बायकोनं आपली कामटी पुढं ओढली आणि आपण भोपळा करणार असं जाहीर केलं. झालं! एकच गलबला उडाला. कुणी घार करू लागलं, कुणी बैल, कुणी पाळणा. खळ कमी पडली तशी घरोघरचा भात शिजून आला. कुणी हळद आणली, कुणी पळसाच्या फुलांचा रंग. मुलांनी भेंड्या आडव्या कापल्या, रंगात बुडवल्या आणि कापडावर ठसे उमटवले; प्रत्येक ठसा म्हणजे पाच पाकळ्यांचं फूल. म्हातारी माणसं कापडाला एरंडेल चोळत बसली, म्हणजे वारा आत शिरू नये आणि उजेड बाहेर यावा. कुणाला जेवणाची आठवण राहिली नाही. आपल्या हातून काहीतरी होतंय, या आनंदानं सगळं गाव खुळावून गेलं होतं.

हौसा मात्र दारातच उभी होती.

बयजानं तिला बोलावलं नाही. ती स्वतःच डाव्या हातानं एक कंदील बांधायला बसली. कामटी निसटली. दोरा सुटला. कापड चिकटलं ते कंदिलाला नाही, तिच्या कोपराला. ज्या बाईच्या हातून कधी टाका चुकला नव्हता, तिच्या हातून एक साधी गाठ बसेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि सबंध सांगाडा मांडीवर कोसळला. तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

हौसा येऊन शेजारी बसली. तिनं कामटीचं दुसरं टोक धरलं.

"माझ्या हातातलं काढून घेऊ नकोस हं," बयजा म्हणाली.

"नाही घेत," हौसा म्हणाली. "फक्त धरते. गाठ तुम्ही मारा."

दोघींनी मिळून तो कंदील पुरा केला. तो इतका वाकडा झाला की त्याचं तोंड कुठं आणि बूड कुठं तेही ठरवावं लागलं. मग हौसानं स्वतःसाठी कामट्या ओढल्या. तिला पोपट करायचा होता. चोचीचा बाक कसा टिकवायचा ते तिनं विचारलं, बयजानं तेवढंच सांगितलं आणि पुढं ती बोलली नाही. ओठ मात्र दाताखाली धरावे लागले.

ठरलेल्या दिवशी, सूर्य कलला तेव्हा सगळं गाव वळणावर जमलं. झाडांच्या फांद्यांना, रोवलेल्या काठ्यांना, काठाकाठानं कंदील लागले. बयजानं एकटीनं जन्मभर केले असते तरी इतके झाले नसते. वारा सुटला. काही दिवे विझले. जवळचे लोक धावले आणि त्यांनी ते पुन्हा लावले. एवढ्यात वरच्या अंगानं शिंगाचा आवाज आला आणि राणीची नाव दिसू लागली.

नाव वळणाच्या तोंडाशी येऊन थबकली. नावाडी परक्या मुलखातले होते. उजेड दिसत होता, पण खडक कुठं आणि वाट कुठं ते त्यांना कळेना. प्रवाह नावेला खडकांकडं ओढू लागला.

हौसा धावत पाण्याच्या कडेला गेली. तिनं तोंडाशी हात धरून हाक दिली, "माशाकडं या! माशाकडं!"

नावाड्यानं पाहिलं. एवढ्या दिव्यांत मासा एकच होता. त्यानं वल्हं मारलं आणि नाव माशाकडं वळली.

"आता भोपळा डाव्या हाताला ठेवा," नागूनं पुढून आवाज दिला. त्याच्यापुढं गुराखी उभा होता, त्यानं घारीकडं बोट केलं. मग सगळा काठच बोलू लागला. घारीपासून बैलाकडं, बैलापासून पोपटाकडं, अशी ती नाव खडकांमधून सुईतल्या दोऱ्यासारखी निघत गेली आणि मोकळ्या पाण्याला लागली. सगळे कंदील एकसारखे असते तर कुठल्या दिव्याकडं वळायचं, हे कुणी कुणाला सांगितलं असतं?

माहेर सोडल्यापासून राणी मान खाली घालून बसली होती. भोपळा डावीकडं ठेवा हे तिच्या कानावर पडलं, तशी तिनं मान वर केली आणि ती खळखळून हसली. नाव दिसेनाशी होईपर्यंत ती काठाकडं बघत हात हलवत होती. चंद्र उगवायच्या आत ती राजवाड्यात पोचली.

बयजाचा हात पुढं बरा झाला आणि पहिल्यासारखा चालूही लागला. पण त्या गावात नंतर कुणी तयार कंदील मागायला तिच्या दारी आलं नाही. लोक यायचे ते आपला अर्धा कंदील घेऊन, अडलेली गाठ विचारायला. घरोघरी वेगवेगळे आकार होऊ लागले आणि ते वळण रात्रीही नावांना खुलं झालं. हौसाच्या पोपटाला तर दूरदूरचे नावाडी ओळखू लागले.

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याचे हात घडवायचे आहेत, त्यानं आधी ते हात चुकू द्यावेत.