हाडाचे फासे आणि शंभर मेंढ्या

ही गोष्ट सांगू नकोस, असे आत्याने मला दोनदा बजावले होते. आमच्याकडे सुट्टीत पत्ते मांडले जातात, आणि मोठ्यांना ती आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. तरीही सांगते, हळू आवाजात.

पुष्कळ पूर्वी, जेव्हा प्रत्येक डोंगराला आपला राजा असे, तेव्हा एका माळावर एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत. त्यांच्या शंभर मेंढ्या होत्या. कळपापुढे गळ्यात घंटा बांधलेला एक मेंढा चाले. घंटा वाजली की सगळा कळप मागे येई.

राजाच्या बाजारात एक द्यूतघर होते. त्याच्या दारावर नियम कोरला होता : दोन फासे टाका. बेरीज सम आली तर खेळणारा जिंकला, विषम आली तर घर जिंकले. फक्त बारा पडले, तर डाव घराचा.

मेंढपाळ दर बाजारी तिथे जाऊ लागला. एका डावाला एक मेंढी लागे. मेंढीऐवजी तो लोकरीचा एक पुंजका पटावर ठेवी. कधी पाच मेंढ्या जिंकून गात येई, कधी आठ हरून गप्प येई. काही महिन्यांत कळप साठावर आला.

"तुमचे फासे खोटे आहेत," तो द्यूतघराच्या मालकाला म्हणाला.

मालक चिडला नाही. "मग तुमचे आणा, पाहुणे."

मेंढपाळाने मेलेल्या मेंढीच्या हाडाचे फासे घासून केले आणि तापल्या सुईने त्यांवर टिंबे उठवली. मालकाने ते पाहिलेही नाहीत. त्याच फाशांनी पुढच्या काही बाजारांत आणखी वीस मेंढ्या गेल्या.

तेव्हा त्याच्या बायकोने अंगणात वाळक्या लेंड्या मांडल्या. सहा-सहाच्या सहा रांगा, तीन अलीकडे, तीन पलीकडे.

"हा कसला संसार मांडलास?" तो हसला.

"तुमचाच," ती म्हणाली. "दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडतात. अठरा सम, अठरा विषम. बरोबर?"

"मग सारखंच झालं की!"

तिने सम बाजूची एक लेंडी उचलून पलीकडे ठेवली. "ही बाराची. आता तुमच्या सतरा, त्यांच्या एकोणीस. एखाद्या दिवशी तुम्ही जिंकाल, धनी. पण खेळत राहाल, तर दर छत्तीस डावांमागे सरासरी दोन मेंढ्या जाणारच. फासे तुमचे असोत नाही तर त्यांचे."

त्याने दोन्हीकडच्या लेंड्या स्वतः पुन्हा मोजल्या.

"चाळीस उरल्यात," ती म्हणाली. "आपल्या दोघांचं पोट तेवढ्यावर भागेल. आता जाऊ नका."

"तुझं खरं आहे गं. पण गेलेल्या तेवढ्या परत आणतो, मग सोडतो."

तो गेला, तो तीन दिवस पटावरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे त्रेपन्न मेंढ्या झाल्या होत्या. लोकांनी त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी शेवटचा पुंजका गेला. मग त्याने दाराशी बांधलेल्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडून आणून पटावर ठेवली. तीही गेली.

"आता मी काय करू, मालक?"

मालकाचा आवाज मऊ होता. "एवढा कळप राखायला मला माणूस हवाच आहे."

त्यानंतर मेंढपाळ जन्मभर त्याच मेंढ्या राखत राहिला. त्या त्याची हाक ओळखत, त्याच्या हाताला नाक घासत. पण तिन्हीसांजेला घंटा वाजली की त्या दुसऱ्याच्या वाड्यात शिरत, आणि दार बाहेरून तोच लावी.

खेळाचा नियम ज्याच्या बाजूला झुकलेला असतो, त्याला फसवावे लागत नाही. आपण खेळत राहिलो की पुरते.

काका, पत्ते खाली ठेवून माझ्याकडे असे बघू नका. मला एवढेच म्हणायचे होते, की त्या चाळीस मेंढ्या हाताशी असतानाच तो उठला असता, तर त्याच्या बायकोला निदान… आले आत्या, आले!